विश्लेषण : गावाचे नाव नसलेल्या पत्त्यावर जवानाचा खाऊ पोहोचतो कसा?

नवरात्र सरत आले की पश्चिम महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंतच्या अनेक घरांत फराळाचा पहिला घाणा दिवाळीच्या कितीतरी आधी निघतो. हा घाणा घरच्यांसाठी नसतो. लष्करात असलेल्या नवऱ्यासाठी, मुलासाठी, भावासाठी तो डब्यात भरला जातो, डबा खोक्यात जातो आणि खोक्यावर असा एक पत्ता लिहिला जातो, ज्यात गाव, तालुका, जिल्हा, राज्य यांपैकी काहीच नसते. साताऱ्याजवळचे अपशिंगे (मिलिटरी) किंवा शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी या गावांच्या नावातच सैन्य आहे. तिथे हा पत्ता लहान मुलांनाही पाठ असतो. ज्या घरातला पहिलाच माणूस भरती झालेला असतो, तिथे मात्र प्रश्न पडतात. कुठे पाठवायचे, काय पाठवायचे, कधी पाठवायचे आणि पोहोचले हे कळायचे कसे?

‘५६ एपीओ’ म्हणजे नेमके काय?

एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. जवानाच्या पत्त्यात त्याचा सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडीचे नाव, ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ आणि ९ या अंकाने सुरू होणारा सहा आकडी पिन एवढेच असते. ५६ आणि ९९ ही ठिकाणे नकाशावर सापडणार नाहीत. ५६ एपीओचे टपाल गोळा होते ते केंद्रीय तळ टपाल कार्यालय दिल्लीत आहे, तर ९९ एपीओचे कोलकात्यात. ईशान्येसह पूर्वेकडील तुकड्यांचे टपाल मुख्यतः कोलकात्यातून जाते.

ही सगळी यंत्रणा लष्करी टपाल सेवा चालवते. भारतातून निघालेल्या फौजेसोबत टपाल कार्यालय जाण्याची परंपरा १८५६ च्या पर्शिया मोहिमेपासूनची आहे. स्वतंत्र भारतात या सेवेला १ मार्च १९७२ रोजी स्वतंत्र कोरचा दर्जा मिळाला. तिच्यातील बहुतांश माणसे टपाल खात्यातून प्रतिनियुक्तीवर येतात. एखाद्या तालुक्याच्या टपाल कार्यालयात खिडकीवर बसणारा कर्मचारी काही वर्षांनी लष्करी गणवेशात लडाखमध्ये टपालाची थैली सोडताना दिसू शकतो, तो यामुळेच.

पत्त्यात गाव का नसते?

कोणती तुकडी कुठे आहे ही माहिती शत्रूच्या उपयोगाची असते. पत्त्यावर ठिकाण लिहिले, तर ते पोस्टमन, हमाल, रेल्वेचे कर्मचारी अशा वाटेतल्या प्रत्येकाला कळेल. म्हणून पाठवणाऱ्यालाही ठिकाण कळण्याची गरज पडू नये, अशी व्यवस्था केली गेली. पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाली. ती आखणारे अधिकारी मराठी होते. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी म्हणूनही ओळखले जातात. देशाचे त्यांनी नऊ विभाग केले. त्यांतले आठ भौगोलिक आहेत, नववा लष्करी टपालासाठी राखलेला आहे. त्या विभागाला भूगोल नाही.

लष्करी पिन हा गावाचा नसून तुकडीचा असतो. तुकडी एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर हलली, तर तिचे टपाल कुठे वळवायचे हे लष्करी टपाल सेवेला कळवले जाते. त्यामुळे एखादी पत्नी वर्षानुवर्षे अचूक पत्ता लिहिते आणि तरीही नवरा नेमका कोणत्या डोंगरावर आहे हे तिला ठाऊक नसते. गडबड होते ती जवान एकटाच तुकडीतून दुसरीकडे जातो तेव्हा. राष्ट्रीय रायफल्समध्ये प्रतिनियुक्ती, एखादा कोर्स, दुसऱ्या तुकडीला तात्पुरती जोडणी अशा वेळी पत्ता बदलतो आणि घरी मात्र जुनाच कागद भिंतीला चिकटवलेला असतो. प्रत्येक पार्सलआधी फोनवर पत्ता पुन्हा विचारून घेणे हा साधा आणि सर्वांत उपयोगी नियम आहे. ‘लवकर पोहोचावे’ म्हणून पत्त्यात स्वतःहून लेह, कुपवाडा किंवा तवांग असे लिहिणे टाळावे. त्याने पार्सल नागरी टपालात भरकटू शकते आणि जे लपवायचे तेच खोक्यावर उघडे पडते.

घरून निघालेले पार्सल कोणत्या वाटेने जाते?

पार्सल द्यायचे ते नेहमीच्याच टपाल कार्यालयात. त्यासाठी वेगळ्या लष्करी खिडकीची गरज नसते. तिथून ते नागरी टपालाच्या वाटेने दिल्लीला किंवा कोलकात्याला पोहोचते. तिथे लष्करी टपाल सेवा ते ताब्यात घेते, तुकडीनिहाय वर्गवारी करते आणि रेल्वे, विमान, लष्करी वाहने यांतून त्या भागातील फिल्ड पोस्ट ऑफिसकडे रवाना करते. तुकडीचा माणूस तिथून थैली घेऊन जातो. शेवटचा टप्पा सर्वांत अवघड असतो. रस्ता संपतो तिथून पुढच्या चौकीवर सामान कधी खेचरावर, कधी माणसाच्या पाठीवर, तर कधी हेलिकॉप्टरने जाते. एप्रिल १९८४ पासून सियाचिनमध्ये भारतीय सैन्य आहे. तिथल्या वरच्या चौक्यांकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये रॉकेल, औषधे आणि शिधा यांचा हक्क पहिला असतो. घरच्या खोक्याला जागा उरली तर मिळते, नाहीतर ते तळावरच थांबते आणि जवान खाली उतरला की त्याच्या हाती पडते.

खासगी कुरिअर कंपन्यांना या पत्त्यांवर पोहोचता येत नाही. कुरिअरच्या दुकानात ‘५६ एपीओ’ ऐकून पावती फाडली गेली, तरी पुढे ते पार्सल टपालाकडेच द्यावे लागते किंवा परत येते. ऑनलाइन दुकानांतून थेट मागवताना तो विक्रेता टपालाने माल पाठवतो का, हे आधी पाहावे. स्पीड पोस्टने एका वेळी ३५ किलोपर्यंत वजन पाठवता येते. मात्र हे वजन शेवटी कुणाच्या तरी पाठीवर जाणार आहे, हे लक्षात घेऊन तीन-चार किलोंची दोन खोकी एका जड खोक्यापेक्षा बरी. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्याने ‘रजिस्टर करून द्या’ असे म्हणणाऱ्यांना आता खिडकीवर स्पीड पोस्टचाच पर्याय मिळतो.

लष्कर सगळे देते, मग घरून काय पाठवायचे?

जवानाला शिधा, गणवेश, थंडीचे कपडे, बूट हे सारे लष्कराकडून मिळते. साबण, टूथपेस्ट, दाढीचे सामान, बिस्किटे कॅन्टीनमध्ये बाजारभावापेक्षा स्वस्त मिळतात. या कॅन्टीनना माल पुरवणाऱ्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटचे मुख्यालय मुंबईतच आहे. त्यामुळे दुकानातून बाजारहाट करून खोके भरण्यात फारसा अर्थ नसतो. घरी विणलेला स्वेटरही अति उंचावर लष्कराच्या खास कपड्यांची जागा घेऊ शकत नाही. हातमोजे, कानटोपी मात्र फावल्या वेळेत वापरली जातात.

जे लष्कर देऊ शकत नाही ते पाठवावे. लंगरमध्ये शंभर माणसांचा स्वयंपाक एकत्र होतो. तो पोटभर असतो, पण त्याला कुणा एकाच्या घरची चव नसते. तिथे वरणात चमचाभर कांदा-लसूण मसाला किंवा ताटात चिमूटभर कारळाची चटणी पडली, की जेवणाचा रंग बदलतो. अति उंचीवर भूक मंदावते, खाणे नकोसे होते हे वैद्यकशास्त्रही सांगते. अशा वेळी ओळखीच्या तिखट-आंबट चवीने चार घास जास्त जातात.

दुसरी गोष्ट वाटून खाण्याची. पायदळात एका सेक्शनमध्ये साधारण दहा जण असतात. बराकीत किंवा बंकरमध्ये पार्सल आले, की ते सगळ्यांसमोर उघडते आणि सगळ्यांचे होते. बिहारच्या घरून ठेकुआ येतो, पंजाबातून पिन्नी येते. साताऱ्याच्या डब्यात चारच लाडू निघाले, तर आणणाऱ्यालाच संकोच वाटतो. त्यामुळे दहा जणांना पुरेल असा एखादा पदार्थ आणि त्याच्या एकट्यासाठी बंद पाकिटात काहीतरी वेगळे, अशी विभागणी जुनी-जाणती घरे करतात.

डब्यात काय टिकते?

निकष सोपा आहे. पाणी कमी, टिकाऊपणा जास्त. बेसनाचे, डिंकाचे, शेंगदाण्याचे लाडू, शंकरपाळी, चिवडा, कडक शेव, अनारसे, चिक्की हे पदार्थ लांबच्या प्रवासाला चालतात. करंजी करायची तर सुक्या खोबऱ्याची. ओला नारळ घातलेले रव्याचे लाडू किंवा अळिवाचे लाडू वाटेतच खराब होतात. पुरणपोळी पाठवू नये. गुळाची पोळी जवळच्या प्रवासाला ठीक आहे, एपीओच्या वाटेवर तिचा भरवसा नसतो. शेंगदाणा, जवस, कारळ आणि लसूण-खोबऱ्याच्या कोरड्या चटण्या, मेतकूट, घरचा मसाला हे वजनाला हलके आणि टिकायला उत्तम.

थंडी आणि उंची यांचे वेगळे हिशेब असतात. तुपाचा मोठा लाडू कडाक्याच्या थंडीत दगडासारखा होतो, म्हणून लाडू सुपारीपेक्षा थोडे मोठे, एका घासाचे वळावेत. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठू लागते, त्यामुळे अरुंद तोंडाच्या बाटलीतले तेल तिकडे बाहेरच येत नाही. रुंद तोंडाची प्लास्टिकची डबी चालते. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि हवा भरलेली बंद पाकिटे फुगून फुटतात, तेलाच्या लोणच्याची झाकणे ओघळतात. म्हणून पाकिटातली हवा दाबून काढावी, काच टाळावी. लोणचे पाठवायचेच तर कमी तेलाचे, दुहेरी पिशवीत आणि बाकी सामानापासून वेगळे ठेवावे.

चकल्या मोडतात ही सार्वत्रिक तक्रार आहे. त्या पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात एकावर एक रचून, उरलेल्या पोकळीत कागदाचे बोळे भरले तर बऱ्याचशा शाबूत पोहोचतात. खोके हलवून पाहावे. आत काही वाजत असेल तर आणखी कागद घालावा. बाहेरच्या कागदावरचा पत्ता पावसाने पुसला गेला तरी अडू नये, म्हणून पत्त्याची दुसरी चिठ्ठी आणि वस्तूंची यादी खोक्याच्या आत ठेवावी. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि फोन क्रमांक बाहेर हवाच, कारण पार्सल परत आले तर ते त्याच पत्त्यावर येते.

काय पाठवू नये?

स्फोटक, ज्वालाग्राही आणि धोकादायक वस्तू टपालातून पाठवण्यास पूर्वीपासून मनाई आहे. १८९८ च्या टपाल कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, तो जून २०२४ मध्ये लागू झाला. बंदी मात्र कायम आहे. दिवाळीच्या पार्सलमध्ये मुलांच्या हट्टाने टाकलेली फुलबाजीची पेटी, काडेपेटी, लायटर, डिओडरंटचा फवारा, अत्तराची मोठी बाटली या सगळ्यांमुळे पार्सल अडकू शकते. त्यांतील बराचसा प्रवास विमानाचा असतो, हे लक्षात ठेवावे. सुटी पॉवर बँक किंवा बॅटरीही याच कारणाने नको. रोख पैसे, दागिने, मूळ कागदपत्रे खोक्यात घालू नयेत. औषधे पाठवण्याआधी जवानाने तुकडीतील डॉक्टरांना विचारलेले बरे. घरगुती काढा किंवा ओळखीच्या डॉक्टरची गोळी तिकडच्या उपचारांशी जुळेलच असे नाही.

कधी पाठवावे?

लष्करी टपालाला तारखेची हमी नसते. हवामान, रस्ता आणि कारवाई या तिन्ही गोष्टी टपालाच्या आधी येतात. काश्मीरहून लडाखला जाणाऱ्या रस्त्यावरची झोजी ला ही खिंड साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होते. मनालीच्या बाजूने २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला, तरी त्यापुढच्या उंच खिंडी आहेतच. म्हणूनच लष्कर स्वतः हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच वर नेऊन ठेवते. घरच्यांनीही तोच धडा गिरवावा. दिवाळीचा फराळ दसऱ्याच्या आत टपालात पडला पाहिजे. अतिदुर्गम चौकी असेल तर त्याही आधी. राखीचे दिवस पावसाळ्यातले, दरडी कोसळण्याचे. राखी पाकिटात मावते आणि वजनही नसते, म्हणून ती आषाढातच पाठवणे शहाणपणाचे. संक्रांतीचा तिळगूळ टिकाऊ असल्याने उशिरा पोहोचला तरी वाया जात नाही.

तारीख चुकली तर? फिल्डवरच्या चौकीत सण कॅलेंडरप्रमाणे येतोच असे नाही. कार्तिकी एकादशीला पोहोचलेल्या डब्याचीही दिवाळी होते. मात्र जवान रजेवर निघायच्या तोंडावर पाठवलेले पार्सल त्याला रिकाम्या खाटेवर ठेवून जाते आणि तो घरी पोहोचतो. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, पण ती कधी मिळेल हे तुकडीच्या गरजेवर ठरते. रजेची शक्यता असेल तर खराब होणारे काहीही पाठवू नये.

रजेवरून परतणाऱ्याच्या हाती द्यावे का?

महाराष्ट्रातल्या सैनिकी गावांत हीच सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची ‘टपालसेवा’ आहे. त्याच तुकडीतला शेजारच्या गावचा जवान रजा संपवून परत निघाला, की त्याच्याकडे चार घरांचे डबे जमा होतात. पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर रंगवलेली काळी ट्रंक, पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस आणि बाकाखाली दोरीने बांधलेली खोकी हे चित्र अनेकांच्या ओळखीचे आहे. या मार्गाने फराळ ताजा पोहोचतो आणि निरोपही तोंडी जातो.

पण त्या जवानाचे स्वतःचे ओझे असते. रेल्वे संपल्यावर ट्रान्झिट कॅम्प, मग लष्करी ताफा, मग पायी चढ असा त्याचा प्रवास असतो. एका घराने दोन किलोंवर जाऊ नये, हा संकेत पाळलेला बरा. आत काय आहे हे त्याला उघडून दाखवावे. बंद खोक्याची जबाबदारी कुणावर टाकू नये. वाटेतल्या तपासणीत उत्तर त्यालाच द्यावे लागते.

ही पद्धत किती जुनी?

पहिल्या महायुद्धात १९१४ च्या नाताळाला ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने उभारलेल्या निधीतून सैनिकांना पितळी डब्या पाठवल्या गेल्या. ब्रिटिश सैनिकांच्या डबीत मुख्यतः तंबाखू आणि सिगारेट होत्या. हिंदी सैनिकांसाठी वेगळा विचार झाला. शिखांना तंबाखू वर्ज्य म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी मिळाली. इतर बहुतेक हिंदी सैनिकांना सिगारेटसोबत खडीसाखर आणि मसाला मिळाला. त्या वेळी फ्रान्सच्या चिखलात लढणाऱ्यांत खडकीच्या सॅपर्सच्या कंपन्याही होत्या. लंडनमधल्या समितीलाही कळले होते, की हिंदी सैनिकाला घरची आठवण मसाल्याच्या वासाने होते.

इंग्रजीत अशा खोक्याला ‘केअर पॅकेज’ म्हणतात. त्या शब्दाचा प्रवास मात्र उलटा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये अमेरिकेत ‘केअर’ ही संस्था स्थापन झाली आणि मे १९४६ मध्ये तिची पहिली खोकी फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली. त्यांत लष्कराचा शिल्लक राहिलेला शिधा होता आणि तो भुकेल्या नागरिकांसाठी होता. सैनिकांचे अन्न नागरिकांना देण्यासाठी जन्मलेला शब्द पुढे नागरिकांनी सैनिकांना पाठवलेल्या खोक्यासाठी रूढ झाला.

फोन असताना पत्राची गरज उरली का?

फोनवरचे बोलणे बहुतेकदा घाईचे असते. नेटवर्क मिळेल तेव्हा, आजूबाजूला साथीदार असताना, पाच मिनिटांत ‘जेवलास का, पैसे आले का, आईचे औषध संपले’ एवढे उरकते. शिवाय दोन्हीकडून लपवालपवी चालते. तो गोळीबाराविषयी बोलत नाही, ती मुलाच्या तापाविषयी बोलत नाही. काळजी वाटू नये म्हणून दोघेही ‘सगळे ठीक’ म्हणतात आणि फोन ठेवल्यावर दोघांनाही ते खरे वाटत नाही. पार्सलमधल्या पत्रात ही कोंडी थोडी फुटते. लिहिताना घाई नसते आणि वाचणारा ते रात्री पहाऱ्यावरून आल्यावर पुन्हा वाचू शकतो. त्यात मोठे काही असावे लागत नाही. ऊस कितीला गेला, विहिरीला पाणी किती, मुलीने कोणत्या अक्षरावर अडून बसून रडारड केली, हेच त्याला हवे असते. घरात आपल्यावाचून काय काय चालले आहे आणि तरी आपली जागा राखून ठेवलेली आहे, हे त्यातून कळते. आजाराची, कर्जाची बातमी द्यायचीच तर ती पत्रात एकटी सोडू नये. पुढे काय केले, कोण मदतीला आहे, हेही त्याच पानावर असावे. तिकडून लगेच काही करता येत नसते.

छापलेले फोटो, मुलांनी काढलेली चित्रे, एखादा दिवाळी अंक यांचे वजन थोडे आणि आयुष्य मोठे असते. जिथे मोबाइल चालत नाही किंवा वापरू दिला जात नाही, तिथे खिशातला कागदी फोटोच कामाला येतो.

पाठवणारी नेहमी बायकोच असते का?

आता तसे नाही. २०२१ च्या मे महिन्यात लष्करी पोलीस दलात ८३ महिला जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. महिला अधिकारी तर त्याआधीपासून सीमाभागात आहेत. त्यामुळे घरी राहून मुलांचे डबे भरणारा आणि पत्नीला पार्सल करणारा नवरा ही आता नवलाई उरणार नाही. पत्ता लिहिण्याची पद्धत तीच.

नौदलाच्या जहाजावरील कर्मचाऱ्यांचे टपाल फ्लीट मेल ऑफिसमार्फत जाते. मुंबईत त्याचे केंद्र आहे. जहाज समुद्रात असेल तर टपाल बंदराची वाट पाहते. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या दलांच्या तुकड्यांचे पत्ते ठिकाणानुसार वेगळे असतात. काहींना एपीओ लागू होतो, काहींना नाही. म्हणून तिथे अंदाज न लढवता तुकडीकडूनच पत्ता घ्यावा.

समाजमाध्यमांवर काय टाळावे?

पत्त्यात गाव लपवायचे आणि खोक्याचा फोटो स्टेटसवर टाकायचा, असे अनेकदा नकळत होते. फोटोत सेवा क्रमांक, हुद्दा, तुकडी आणि पिन एकत्र दिसतात. जोडीला ‘अहो आता लेहमध्ये’ अशी ओळ पडली, की जी माहिती यंत्रणेने इतक्या कष्टाने वेगवेगळी ठेवली ती एकाच चौकटीत येते. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितले होते. तो आदेश जवानांसाठी होता. घरच्यांना आदेश लागू होत नाही, जोखीम मात्र दोघांची सारखीच आहे. पार्सलचा फोटो हवाच असेल तर लाडवांचा काढावा, पत्त्याचा नको.

अनोळखी जवानांना सरसकट खोकी पाठवण्याआधीही थांबावे. शाळा आणि मंडळे राख्या, फराळ पाठवतात, त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत किंवा एखाद्या तुकडीशी बोलून पाठवावे. पाठवणारा कोण हे तुकडीला ठाऊक नसेल तर खाद्यपदार्थ वाटले जाण्याची शक्यता कमी.

पार्सल पोहोचले नाही तर?

पावती जपून ठेवणे ही पहिली पायरी. स्पीड पोस्टचा माग ऑनलाइन दिसतो, पण तो बहुधा दिल्ली किंवा कोलकात्याच्या केंद्रीय कार्यालयापर्यंतच. पुढचा प्रवास दिसत नाही, याचा अर्थ पार्सल हरवले असा नाही. ते आता लष्कराच्या ताब्यात आहे एवढाच त्याचा अर्थ. काही आठवडे उलटूनही हाती पडले नाही, तर घरच्यांनी टपाल कार्यालयात तक्रार नोंदवावी आणि जवानाने तुकडीच्या कार्यालयात टपाल पाहणाऱ्याला पावती क्रमांक द्यावा. दोन्हीकडून विचारणा झाली की शोध लवकर लागतो. परत आलेल्या खोक्यावर कारण लिहिलेले असते. ते वाचून, पत्ता तपासून मगच पुन्हा पाठवावे.

तिकडून काय येते?

शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, ही रीत घराघरांत आहे. सीमेवरही ती पाळली जाते. लडाखमधून जर्दाळू, काश्मीरमधून अक्रोड आणि केशर, ईशान्येतून चहा आणि शाली असे काही ना काही जवान रजेवर येताना घेऊन येतात. त्यासोबत ट्रंकेच्या तळाशी घरून गेलेले स्टीलचे आणि प्लास्टिकचे डबेही असतात, घासलेले, कधी झाकण दुसऱ्याच डब्याचे. ते मोजून घेतले जातात आणि फळीवर ठेवले जातात. पुढच्या दसऱ्याच्या आधी ते पुन्हा उतरवायचे असतात.